थांबणारे छंद, न थांबणारे छंद

एकाच कपाटात जलरंगांची पेटी, अर्धवट विणलेला स्वेटर, पोस्टाच्या तिकिटांचे अल्बम, पक्षी बघायची दुर्बीण आणि मोडी गिरवायची वही सापडली, आणि ही सगळी मालमत्ता एकाच माणसाची निघाली, तर त्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो: पसारा कमी कर, एकच काय ते धर. हा सल्ला बाहेरच्यांपेक्षा तो माणूस स्वतःच स्वतःला जास्त वेळा देत असतो. बहुधा रविवारी संध्याकाळी, चार गोष्टी काढून बसायचा बेत फसलेला असतो तेव्हा. सल्ला सोपा आहे, पण निदान चुकलेलं आहे. अशा माणसांची चिडचिड छंदांच्या संख्येतून क्वचितच आलेली असते. न वाचलेली पन्नास पुस्तकं कपाटात आहेत म्हणून कुणाची झोप उडत नाही. माना टाकलेली गच्चीवरची रोपं आणि कुंचल्यात वाळून गेलेला रंग मात्र जिवाला लागतो. म्हणून छंद किती आहेत हे मोजण्याआधी, बाजूला ठेवल्यावर त्यातला प्रत्येक छंद किती दिवस थांबतो, हे पाहावं. बाकीची बरीच व्यवस्था त्यातून लागते.

काही छंद निवांत थांबतात. तिकिटं, नाणी, शब्दकोडी, वाचन, जुनी कागदपत्रं लावणं यांना सहा महिन्यांच्या खंडाचं काही वाटत नाही. जलरंग तर इतके सोशीक की पॅलेटवर वाळून खडा झाले तरी ओल्या कुंचल्यानं पुन्हा जागे होतात, कारण रंगद्रव्याला धरून ठेवणारा डिंक पाण्यात परत विरघळतो. त्याच टेबलावरचे ॲक्रिलिक रंग अगदी उलट्या स्वभावाचे. ते वाळले की त्यांचं प्लास्टिक होतं, आणि कुंचल्यात वाळले तर कुंचलाही जातो. म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘चित्रकला’ म्हणतो त्यातही थांबणारा आणि न थांबणारा असे दोन वेगळे छंद आहेत, आणि ज्याला मध्येच उठावं लागतं त्यानं कोणते रंग घ्यावेत हे निव्वळ आवडीवर सोडून चालत नाही. दुसऱ्या गटातले छंद मरत नाहीत, मंदावतात: गाणं, तबला, पळणं, परकी भाषा. त्यांचं नुकसान एका दिवसात दिसत नाही, महिन्यानं दिसतं. तिसऱ्या गटात जिवंत गोष्टी येतात. मत्स्यालय, पावासाठी रोज खाऊ घालावं लागणारं आंबवलेलं पीठ, उथळ कुंडीतलं बोन्साय. एप्रिलच्या उन्हात त्या बोन्सायचं एका दिवसाचं पाणी चुकलं तरी ते क्षमा करेलच असं नाही.

कसोटी सोपी आहे. घराला कुलूप लावून आठ दिवस गावी गेलात, तर परत आल्यावर कशाचं काय झालेलं असेल? हे उत्तर आपल्या प्रत्येक छंदासमोर लिहून काढावं. मग तीन गटांना तीन वेगळे नियम लावता येतात. न थांबणारा छंद एक असावा, फार तर दोन. तेही घरात दुसरं कुणी हाताशी असेल तर. मंदावणाऱ्यांपैकी एकाला पुढं करावं आणि त्याला रोजची वीस मिनिटं द्यावीत. बाकीचे आपापली पाळी येईपर्यंत मंदावले तर मंदावू द्यावेत. आणि थांबणारे छंद हवे तितके असावेत, त्यांची मोजदाद करण्याचं कारण नाही. जो माणूस सात छंदांनी गांजलेला दिसतो त्याच्या यादीत बहुतेक वेळा तीन-चार न थांबणारे असतात. कुणी दहा छंद घेऊन मजेत असेल, तर त्यातले आठ थांबणारे असतात. तो काही फार शिस्तीचा असतो असं नाही.

आपल्याकडे यात एक मोठी मदत आयती मिळते, ती ऋतूंची. छंदांचं आठवड्याचं वेळापत्रक करणारे जवळजवळ नेहमी हरतात. सोमवारी तबला, मंगळवारी भरतकाम असं भिंतीवर लावलं की पहिल्याच मंगळवारी पाहुणे येतात. वेळापत्रक वर्षाचं करावं. आकाशदर्शन घ्या. जून ते सप्टेंबर महाराष्ट्रात ते जवळपास बंदच असतं. ऑगस्टच्या मध्यात होणारा ययाती समूहातला उल्कावर्षाव जगभर गाजतो, आपल्याकडे तो ढगांच्या वर होतो. डिसेंबरच्या मध्यातला मिथुन राशीतला उल्कावर्षाव मात्र मोकळ्या, थंड आकाशात दिसतो. पुण्यातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी 1944 पासून चालत आलेली हौशी मंडळींची संस्था जवळ असेल तर दुर्बीण विकत घेण्याआधी तिथल्या लोकांबरोबर एखादी अमावास्या काढावी. मे संपता संपता राजमाची, भंडारदऱ्याकडे काजवे चमकू लागतात आणि पावसानं जोर धरला की दिसेनासे होतात. कासचं पठार ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आणि उत्तरेकडून आलेली बदकं हिवाळ्यात भेटतात. सह्याद्रीतली कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, तिच्यासाठी दर महिन्याला अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही. घरात बसून करायच्या गोष्टींनाही ऋतू असतो. लाकडाला पॉलिश पावसाळ्यात केलं तर दमट हवेनं ते पांढुरकं पडतं, मातीच्या वस्तू वाळता वाळत नाहीत. उलट भरतकाम, मोडी वाचन, पुस्तकांची बांधणी यांना आषाढ-श्रावणाइतका चांगला काळ नाही. दिवाळीचा आकाशकंदील आणि मुलांचा किल्ला यांची तारीख तर पंचांगच ठरवतं. वर्षाच्या बारा रकान्यांत छंद मांडून पाहिले की लक्षात येतं, एका वेळी हातात असायला हवेत असे तीनच असतात. बाकीचे त्या काळात रजेवर असतात, आणि रजा मंजूर आहे हे एकदा ठरलं की त्यांची टोचणी थांबते.

रजा मंजूर करणं म्हणजे वस्तू कपाटात कोंबणं नव्हे, आणि अनेक छंद असलेल्यांनी सगळ्यात आधी शिकायचं कसब हेच आहे. ते कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. मासिकांपो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की अपुऱ्या राहिलेल्या कामांचे विचार दुसऱ्या कामात लुडबुड करतात, पण ते काम पुढं नेमकं कसं करायचं याची योजना आखली की ही लुडबुड बरीच थांबते. काम पूर्ण करायची गरज पडत नाही. ही गोष्ट छंदांच्या फार कामाची आहे. कुठलीही वस्तू आवरताना तिच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: कुठपर्यंत झालं, पुढची पायरी कोणती, कोणतं सामान लागेल. विणकामाच्या पिशवीत सुईचा नंबर, लोकरीचं लेबल आणि चालू ओळ लिहिलेली असेल तर चार महिन्यांनी टाके मोजत बसावं लागत नाही. भरतकामाचं कापड रिंगमधून काढूनच ठेवावं. महिनोन् महिने ताणून राहिलेल्या कापडावर पडलेली गोल घडी इस्त्रीनंही धड जात नाही. शाईचं पेन रिकामं करून पाण्यानं धुवावं. तंतुवाद्याच्या तारा घाम लागला तर गंजतात, म्हणून कोरड्या कापडानं पुसल्याशिवाय गवसणी चढवू नये. तबल्याचं कातडं पावसाळ्यात ओल धरून सैल पडतं आणि स्वर उतरतो. वाजवणं बंद असलं तरी तो खिडकीजवळ किंवा ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नये. तिकिटांचे अल्बम एकावर एक रचू नयेत, पुस्तकांसारखे उभे ठेवावेत, नाहीतर दमट हवा आणि वरचं वजन मिळून मागचा डिंक पानाला चिकटतो. कॅमेऱ्याच्या भिंगाला येणारी बुरशी हा कोकण-मुंबईतल्या हौशी छायाचित्रकारांचा जुना शत्रू. चामड्याची केस दिसायला कितीही देखणी असली तरी ती ओल धरते. भिंगं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावीत आणि जेलचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरावी. या सगळ्याला दर खेपेला दहा मिनिटं लागतात. ती वाचवली तर परतीच्या दिवशी दोन तास जातात, आणि बहुतेक वेळा त्या दोन तासांच्या धास्तीनंच माणूस परत येत नाही.

परतीचा पहिला दिवस वाईट जातो, हे गृहीतच धरावं. बोटं जड पडतात, सूर लागत नाही, लिपीतली अक्षरं ओळखीची वाटतात पण वाचता येत नाहीत, आणि इतक्या दिवसांचं शिकणं वाया गेलं असं वाटू लागतं. हे वाटणं खोटं आहे, आणि ते सिद्ध होऊन शतक उलटलं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि मग मंदावतो, हा त्यातला प्रसिद्ध भाग. पण त्यानं मोजलं ते काय, हे जास्त महत्त्वाचं आहे: पाठ केलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, ते. आठवत नाही असं वाटणाऱ्या गोष्टीही दुसऱ्यांदा लवकर येतात. म्हणून परतताना नवं काही सुरू करू नये. तबल्यावर जुनाच कायदा वाजवावा, जुन्याच धड्याचं पान काढावं, विणकाम असेल तर आधी चार बोटांचा नमुना विणून हाताचा ताण पूर्वीसारखाच पडतोय का ते बघावं, कारण तो बदललेला असला तर स्वेटरच्या मध्यावर पट्टा दिसतो. शरीराच्या बाबतीत मात्र एवढं उदार राहू नये. दमसास काही आठवड्यांतच उतरतो आणि तो आठवणीनं परत येत नाही. चार महिन्यांच्या खंडानंतर पहिल्याच रविवारी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट धरू नये. सिंहगड पुरे.

आता खरेदीबद्दल, कारण निम्म्या कुरबुरी तिथे उगवतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग, मंगळदास मार्केटमध्ये कापड, पुण्यात अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकं बघत फिरणं हा स्वतंत्र आनंद आहे आणि तो छंद करण्याहून वेगळा आहे. सामान घेतलं की छंद सुरू केल्याचं समाधान तिथल्या तिथे मिळतं, म्हणूनच सामान साचतं. त्यावर उपाय म्हणून स्वतःला दोष देण्यापेक्षा खरेदीलाच एक छंद मानावं आणि त्याला महिन्याची रक्कम ठरवून द्यावी. हत्यार आधी मागून किंवा भाड्यानं आणून वापरून बघावं. पण ‘सुरुवातीला स्वस्तातलं घे’ हा सल्लाही आंधळेपणानं पाळू नये. पातळ कागद जलरंगांनी फुगे धरतो, तारा फार उंच असलेल्या हलक्या गिटारवर बोटं सोलतात, आणि माणूस समजतो आपल्याला जमत नाही. रंग कमी घ्यावेत, कागद जाड घ्यावा. अनेक छंद असलेल्यांनी तर दोन छंदांना चालेल अशी वस्तू शोधावी. आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण पाणथळीवरच्या पक्ष्यांना उत्तम, आणि हात नीट टेकवला तर तीच रात्री गुरूचे चंद्रही दाखवते.

या सगळ्यावर एक भारदस्त आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. अशानं माणूस कशातच पारंगत होत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. याला अलीकडे ‘दहा हजार तासां’चं शास्त्रीय अस्तरही लागलं आहे. हा आकडा घरोघर पोचला तो माल्कम ग्लॅडवेल यांच्या 2008 च्या पुस्तकामुळे. त्यामागे आन्डर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास होता. पण ते विद्यार्थी संगीत हाच पेशा करायला निघाले होते. संध्याकाळी घरी येऊन तासभर व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही. पुढं 2014 मध्ये अशा अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, तेव्हा संगीतातल्या कौशल्याच्या फरकापैकी सुमारे 21 टक्केच वाटा सरावाच्या फरकाचा निघाला. रियाज फुकट जातो असा याचा अर्थ नाही, पण तासांची गोळाबेरीज म्हणजेच कौशल्य, हे समीकरण टिकत नाही. तरीही आक्षेपातला खरा भाग मान्य करायला हवा. ज्याला मैफलीत ख्याल गायचा आहे त्यानं हा लेख बाजूला ठेवावा. तिथे एकनिष्ठा लागतेच. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय हे एकाच ध्यासातून काय उभं राहतं याचं उदाहरण आहे: दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केली, वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात गेली आणि 1975 मध्ये तो संग्रह त्यांनी राज्य शासनाला देऊन टाकला. अर्थात हेच केळकर ‘अज्ञातवासी’ या नावानं कविताही लिहीत होते, हे एकनिष्ठेच्या पुरस्कर्त्यांनी ध्यानात ठेवावं.

आणि म्हणीला म्हणीनं उत्तर द्यायचं तर चौदा विद्या, चौसष्ट कला हेही आपलंच आहे. वात्स्यायनाच्या यादीत गायन-वादनाबरोबर चित्रं काढणं, माळा गुंफणं, शिवणकाम, सुतारकाम, झाडांची निगा, कोडी घालणं आणि पोपट-मैनांना बोलायला शिकवणं हे सगळं शेजारी शेजारी बसलं आहे. सुसंस्कृत माणसाला यातलं बरंच काही येत असावं ही अपेक्षा होती; प्रत्येकात अजिंक्य असावं ही नव्हती. ‘गुळाचा गणपती’ या 1953 च्या चित्रपटात लेखनापासून संगीत, दिग्दर्शन आणि अभिनयापर्यंत सगळं पु. ल. देशपांड्यांनी केलं. लोकसाहित्याच्या गाढ्या अभ्यासक दुर्गा भागवत यांनी ‘खमंग’ हे पाककृतींचं पुस्तक लिहिलं. रॉबर्ट रूट-बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं की नोबेल मिळवणाऱ्या वैज्ञानिकांमध्ये कलेचे किंवा हस्तकलेचे छंद इतर वैज्ञानिकांपेक्षा बरेच जास्त आढळतात. यावरून कुणी पेटी वाजवून नोबेल मिळेल असं समजू नये, कारण कोणतं कशामुळे हे त्यातून ठरत नाही. पण अनेक छंदांमुळे मुख्य काम बुडतं, हा दावा एवढ्यानं नक्कीच लंगडा पडतो.

छंद एकमेकांच्या आड येतात, तसे एकमेकांना डोळेही देतात. पक्ष्याचं रेखाटन करायला बसलं की भुवईसारखी पट्टी, चोचीचं टोक, पंखांवरची रेघ नोंदली जाते. नुसतं बघणाऱ्याकडून ती निसटते. आणि कढीपत्त्याच्या कुंडीवर हिरवी अळी दिसली की एकाच माणसात भांडण सुरू होतं: बाग करणाऱ्याला ती शत्रू, फुलपाखरं बघणाऱ्याला पाहुणी. लिंबू आणि कढीपत्ता ही काही फुलपाखरांच्या अळ्यांची हक्काची झाडं आहेत. यावर तोडगा म्हणजे दुसरी कुंडी, एक फोडणीसाठी आणि एक अळ्यांसाठी. एकच छंद असलेल्याला असलं भांडण नशिबी नसतं, आणि मला तरी ते नुकसान वाटतं.

घरच्यांचा आक्षेप वेगळा असतो आणि तो बहुधा जागेचा असतो. दोन खोल्यांच्या घरात प्रत्येक छंदाला कोपरा मिळणार नाही. प्रत्येकाला झाकणाचा एक खोका मिळू शकतो, आणि खोक्यात न मावणारं सामान आणायचं नाही हा नियम भांडणांपेक्षा बरा. याहून त्रासदायक असतं ते कौतुक. ‘इतकं छान येतं तर विकत का नाही देत?’ या प्रश्नाला, विशेषतः शिवण, भरतकाम, केक, रांगोळी करणाऱ्या बायकांनी, फार जपून उत्तर द्यावं. एकदा नात्यातल्या चार जणींच्या ब्लाऊजांवर नक्षी काढायचं कबूल केलं की त्यांना लग्नाच्या तारखा चिकटतात, आणि इतका वेळ निवांत थांबणारा छंद रातोरात न थांबणाऱ्यांच्या गटात जातो. मग पैसे मिळोत न मिळोत, त्याच्या जागी दुसरा विसावा शोधावा लागतो. व्यवसाय करायचा तर जरूर करावा, फक्त तो छंदांच्या यादीतून काढून कामांच्या यादीत लिहावा.

शेवटी काही छंद संपतात, आणि ते संपले हे मान्य करायला आपण वर्षं लावतो. दोन हंगाम उलटूनही चिठ्ठी वाचून हात शिवशिवला नाही, तर तो छंद रजेवर नसून निवृत्त झाला आहे असं समजावं. त्याचं सामान खराब व्हायच्या आत हलवावं: ॲक्रिलिकच्या नळ्या घट्ट होण्याआधी जवळच्या शाळेच्या चित्रकलेच्या शिक्षकांकडे, वाद्य शिकणाऱ्या मुलाकडे, मासिकं ग्रंथालय घेत असेल तर तिथे. अर्धा स्वेटर उसवावा. उसवलेली लोकर लडी करून चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवून न पिळता दांडीवर टांगावी आणि खालच्या टोकाला हलकंसं वजन अडकवावं; वाळेपर्यंत तिच्या वळ्या सरळ होतात आणि ती दुसऱ्या कुणाच्याही सुईवर चढते.